राखेच्या पाण्यातले पाव

नजीरच्या भट्टीतून माणूस बडवल्याचा आवाज येत होता. धप, धप, मधे एक दमाचा हुंकार, पुन्हा धप. मी शिलाई मशीनवरून उठलो. तसं यात नवल काही नव्हतं. नजीर पाववाला हा दिग्रसमधला नावाजलेला मारका माणूस. दूधवाल्याला त्यानं पावाच्या लांब फावड्यानं हाणलं होतं, कापसाच्या जिनातल्या एका हमालाला पिठाच्या परातीत बुचकळलं होतं, आणि सख्ख्या मेहुण्याला ईदच्या दिवशी आधी गळाभेट दिली होती, मग थोबाडीत दिली होती. आज कोणाची पाळी आली ते पाहावं म्हणून मी स्टुलावर चढलो.

आमच्या दुकानाला आणि त्याच्या भट्टीला मिळून एकच भिंत. हिवाळ्यात ती फुकटची शेगडी, उन्हाळ्यात गिऱ्हाईक माप देता देताच अर्धा इंच बारीक व्हायचं. या भिंतीला वर आढ्याजवळ एका विटेएवढी फट होती. फट मी पाडलेली नाही. मी फक्त ती बुजवली नाही.

आत कोणी मार खात नव्हतं. आरशांची कांचळी घातलेली एक बंजारा बाई, कोपरापर्यंतच्या पांढऱ्या बांगड्या फडक्यानं आवळून, मैद्याचा भलामोठा गोळा डोक्यावर उचलून फळीवर आदळत होती. नजीर चार हात लांब उभा होता. नजीर कोणापासून लांब उभा आहे हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

"बाई," तो म्हणाला, "हा मैदा हाय. यानं तुहं काही बिघडवलं नाई."

"बोलू नको, भाई. मले तोंड दिसून राह्यलं याच्यात."

"कोणाचं?"

"डोंगरसिंगचं."

नजीरनं लांबूनच मान वाकडी करून गोळा पाहिला. मग म्हणाला, "मंग डाव्या गालावरबी हाण. तिकडं गुठळ्या राह्यल्या."

ही रूपीबाई. सत्तावन्न सालची होळी होऊन काही महिने झाले होते आणि तिला तांड्यातून बाहेर काढलं होतं. का काढलं ते मी सांगतो. तांड्याची होळी ज्यांनी पाहिली नाही त्यांना आधी ती सांगावी लागेल.

गेल्या होळीपासून या होळीपर्यंत ज्या घरात मुलगा झाला, त्या घरापुढे धुळवडीला जमिनीत खुंटा ठोकतात आणि त्याला पुऱ्यांनी भरलेलं पितळी भांडं बांधतात. भांड्याभोवती बायका काठ्या घेऊन उभ्या. पुरुषांनी खुंटा उपटून भांडं पळवायचं, बायकांनी त्यांना मारायचं. मार लटका नसतो. पाठी सुजतात, डोकी फुटतात. पुरुषांनी उलटा हात उचलायचा नाही असा कायदा. वर्षातला तेवढा एकच दिवस. खुंटा निघाला की तांड्याचा नायक हात वर करून ओरडतो, "बस." सगळ्या काठ्या जिथल्या तिथं थांबतात. मग जिनं मारलं ती आणि ज्यानं खाल्लं तो, दोघं त्याच भांड्यातली पुरी खातात. नंतर बायका पुरुषांकडे फाग मागतात, म्हणजे होळीची देणगी. नायक देववतो.

आता डोंगरसिंग. हा रूपीबाईचा नवरा. हा तिला वर्षभर बैलाच्या कासऱ्यानं मारायचा. भाजी खारट झाली म्हणून मारायचा, अळणी झाली म्हणून मारायचा, आणि नेमकी झाली तर 'आज कोण येणार होतं जेवायला' म्हणून मारायचा. त्या धुळवडीला खुंट्यावर पालथा पडून बायकांचा मार झेलायला हाच पुढे झाला. त्याला मर्दुमकीची हौस होती. खुंटा निघाला, पूनमसिंग नायकानं हात वर केला, "बस" म्हटलं. सगळ्या काठ्या थांबल्या. रूपीबाईची थांबली नाही. डोंगरसिंगनं डोक्यावर हात धरला तर तिनं हातावर मारलं. कपाशीची वाळली पऱ्हाटी मोडावी तसा कोपराचा आवाज आला म्हणतात. कोपर उलटं वाकलं, तरी ती मारत होती. शेवटी चारपाच बाया तिच्या अंगावर पडल्या तेव्हा कुठं काठी सुटली.

नवऱ्याचा हात मोडला याचं पंचांना फार वाईट वाटलं असेल असं मला नाही वाटत. डोंगरसिंगला कोणीतरी धुवावं असं वाटणारे पंचातच पुष्कळ होते. पण नायकाच्या 'बस'नंतर काठी चालली, तर पुढच्या होळीला कोणता पुरुष आपली पाठ बायकांपुढे टाकेल? तांडाभर एवढीच तर गोष्ट विश्वासावर चालायची. म्हणून रूपीबाईला तांड्याबाहेर काढलं. जमनी, तिची एकुलती पोर, तेव्हा शेळीच्या करडाएवढी होती. ती बापाच्या घरी राहिली.

रूपीबाई दिग्रसला आली, जिनात सरकी वेचायला लागली. मुकादमानं तिचा हात धरला आणि लगेच सोडलाही, कारण तो कापसाच्या ढिगात उताणा पडला होता आणि त्याच्या तोंडात कापूस होता. हे अकीलाभाभीनं पाहिलं. अकीलाभाभी म्हणजे नजीरची बायको. तिच्या कानात पडलेली गोष्ट आणि गावात पिटलेली दवंडी यांत दवंडी जरा हळू. तिनं रूपीबाईला सरळ भट्टीवर आणलं आणि नवऱ्याला म्हणाली, "रख लो इसे. तुम किसी को मारने उठे तो पकडनेवाला कोई तो चाहिए."

नजीरला माणूस हवाच होता, कारण त्याच्या डोक्यात एक भूत होतं. लढाईच्या काळात तो देवळालीच्या छावणीत जर्मन कैद्यांच्या स्वयंपाकघरात कामाला होता. तिथं एक म्हातारा कैदी पाव भाजायचा. त्याच्याकडून नजीर तो पाव शिकला. बाहेरून पिकल्या चिंचेच्या बोटुकासारखा तांबूस काळा, वर चकाकी, डोक्यावर फुलीची चीर, चिरेतून पांढरा गर फुटलेला आणि त्यावर खडेमीठ. साल चामट, आत कापूस. हा रंग भट्टीत येत नाही, भट्टीच्या आधी येतो. फुगलेला कच्चा गोळा उकळत्या खाराच्या पाण्यात सोडायचा आणि काढायचा, मग चीर द्यायची, मीठ टाकायचं, मग विस्तव.

खार म्हणून नजीर धोब्याकडचा सोडा घालायचा. त्या पावाला धुतल्या धोतराची चव यायची. मी एक खाल्ला होता. संध्याकाळपर्यंत ढेकर इस्त्री केल्यासारखे येत होते. गिऱ्हाईक नाव ठेवायचं, नजीर गिऱ्हाइकाला फावड्यानं मारायचा, आणि असा त्याचा धंदा चालला होता.

रूपीबाईनं ते सोड्याचं पाणी जिभेच्या टोकाला लावलं आणि थुंकलं.

"भाई, हे कायले? भट्टीखाली खाराचा ढीग पडून राह्यला ना."

"ती राख हाय."

"मंग? आमचे घागरे कशानं धुते तुले वाटते?"

भट्टी पऱ्हाटीवर चालायची. कापूस वेचून झाला की शेतात उभी राहते ती कपाशीची काटकी, तिला आम्ही पऱ्हाटी म्हणतो. तिची राख रूपीबाईनं पोत्यात बांधली, पोतं आढ्याला टांगलं, खाली मडकं ठेवलं आणि वरून पाणी सोडत राहिली. सकाळी मडक्यात काळ्या चहासारखं पाणी जमलं होतं. बोटाला बुळबुळीत, जिभेला चटका. तिनं ते आटवलं, कढईत उकळी आणली आणि पहिला गोळा सोडला. गोळा तळाशी गेला, अंगभर फुगला आणि वर उठला.

"उठला का काढ," नजीर म्हणाला.

रूपीबाईनं झाऱ्यानं तो पुन्हा खाली दाबला.

"काढ म्हटलं ना बाई. उठल्यावर ठेवला का कडू होते."

तिनं अजून दाबला. दात ओठात. नजीरनं फावड्याची दांडी तिच्या मनगटावर हाणली. तिनं झारा त्याच्या गुडघ्यावर हाणला. दोघं एकमेकांकडे बघत उभे राहिले आणि तेवढ्यात कढईतला गोळा विरघळून पेज झाली.

पण ज्या दिवशी ते पाव नीट उतरले, त्या दिवशी आमच्या गल्लीत पहिल्यांदा भट्टीपुढे रांग लागली आणि रांगेत कोणी मार खाल्ला नाही. जिनातली माणसं चहात बुडवून खायची. नाव पडलं 'जर्मनी'. "दोन जर्मनी द्या" म्हणणाऱ्या आमच्या लोकांना जर्मनी कुठं आहे ते माहीत नव्हतं; बहुतेकांचा समज पुसदच्या पुढे असा होता.

रूपीबाईला पावांचं कौतुक नव्हतं. ती बाजाराच्या दिवसाची वाट पाहायची. त्या दिवशी तांड्याच्या बायकांबरोबर जमनी यायची. पदराखालून एक गरम पाव तिच्या हातात द्यायचा, ती खाईपर्यंत उभं राहायचं. बोलायची सोय नव्हती, कारण बायका बघत असायच्या. मायलेकी एकमेकींकडे बघत उभ्या आणि मधे तो पाव. मीही पाहिलंय. मी पुष्कळ ठिकाणी बघत असतो, त्याला इलाज नाही.

एकदा हे डोंगरसिंगनं पाहिलं.

जिनाचा हंगाम भरात होता, दुपारची वेळ. डोंगरसिंग आणि त्याचा भाऊ कुऱ्हाडीचे दांडे घेऊन भट्टीत शिरले. मी स्टुलावर होतोच. डोंगरसिंगचा डावा हात कोपरातून वाकडा बसला होता, पण उजवा चांगला होता. पहिल्या फटक्यात पावांच्या पेट्या आडव्या झाल्या. दुसऱ्यात राखेच्या पाण्याचं मडकं फुटलं.

"माह्या पोरीले मियाच्या भट्टीतलं चारते का तू?" तो म्हणाला. "तुह्या हातचं ओकवलं म्या तिले. गळ्यात बोट घालून ओकवलं."

रूपीबाईनं फडक्यानं उकळत्या कढईचे कान धरले.

तेवढ्यात मागच्या दारानं नजीर आला. त्यानं बोलणं वगैरे केलं नाही. डोंगरसिंगची मान मागून धरली आणि त्याचं तोंड भट्टीच्या तोंडाशी नेलं. भुवया जळाल्याचा वास माझ्या फटीपर्यंत आला. भावानं नजीरच्या पाठीत दांडा घातला, नजीर वळला, त्याचं नाक फोडलं, पुन्हा डोंगरसिंगला धरलं. फळी मोडली. मैद्याचं पोतं फुटलं आणि सगळीकडे पांढरा धुरळा झाला. त्या धुरळ्यात मला रूपीबाई दिसली, कढई छातीपर्यंत उचललेली. नजीरलाही दिसली.

"बस," नजीर म्हणाला. "बस, रूपीबाई. जाऊन राह्यले ते. बस."

ते खरंच जात होते. डोंगरसिंग चारी पायांवर दाराबाहेर निघाला होता. रूपीबाईनं कढई फेकली.

ते पाणी नजीरच्या मानेवर आणि डाव्या कानावर पडलं.

मारक्या माणसाचं ओरडणं मी तोवर ऐकलं नव्हतं. स्टुलावरून मी खाली कधी आलो ते कळलं नाही. अकीलाभाभीनं आधी रांजण रिकामा केला त्याच्यावर, मग घरातलं, शेजारचं, सगळ्या गल्लीचं ताक आणून ओतलं. कातडी फडक्याबरोबर निघून आली. कान पुढं वाळल्या खारकेसारखा राहिला, तो आजही तसाच आहे.

रूपीबाई बाहेर पऱ्हाटीच्या ढिगावर जाऊन बसली. दिवस मावळला, उजाडलं, ती तिथंच. आता हिला हाकलणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता. सकाळी नजीर डोक्याला फडकं गुंडाळून बाहेर आला.

"उठ. पीठ आंबून राह्यलं."

"मले काढून टाक, भाई."

"काढतो. आधी गोळे काढ."

ती उठली नाही. नजीर तिच्यापुढे उकिडवा बसला.

"म्या बस म्हटलं होतं. ऐकू आलतं तुले?"

"आलतं."

"मंग?"

"हात नाई थांबला."

"तांड्यात नायक बस म्हणे तवाबी ऐकू आलतं?"

"आलतं."

नजीर म्हणाला, "जोवर हा हात थांबत नाई, तोवर तुले पोरगी कोणी देणार नाई. आन देऊबी नाई."

हे बोलणं मला अकीलाभाभीनं सांगितलं. तिला नजीरनं सांगितलं नव्हतं, ती दाराआड होती. आमच्या गल्लीत भिंती आहेत त्या उगाच.

त्या दिवसापासून भट्टीत एक नवा खेळ सुरू झाला. रूपीबाई मैद्याचा गोळा डोक्यावर उचलायची, आणि नजीर कधीतरी, कुठूनतरी म्हणायचा, "बस." तिनं थांबायचं. गोळा तिथंच, हवेत. दंड थरथरायचे, घाम डोळ्यांत जायचा. नजीर आरामात बिडी पेटवायचा, मग म्हणायचा, "हां, आता आण." खाली आला की फावड्याची दांडी मनगटावर. पहिले कितीतरी दिवस दांडी रोज बसली. तिनंही त्याला दोनदा मारलं. एकदा झाऱ्यानं, एकदा अख्ख्या पाटानं. कढईवर तेच. गोळा उठला की काढ. उठलेल्याला दाबू नको. हळूहळू गल्लीला चाळा लागला. गिऱ्हाईक पाव घेताना म्हणायचं, "बस." चहावाला रस्त्यावरून जाताना म्हणायचा. मीही एकदा फटीतून म्हणून पाहिलं. तिचा हात थांबला. मग तिनं वर पाहिलं आणि थांबलेला गोळा माझ्या तोंडावर आला. मिशीतला मैदा दोन दिवस निघत होता.

साठ सालच्या होळीआधी नायकीण, म्हणजे पूनमसिंग नायकाची बायको, बाजारातून वाट वाकडी करून भट्टीवर आली. तिला नातू झाला होता. तिनं एक जर्मनी हातात घेतला, फिरवला, वास घेतला, खाल्ला आणि दुसरा मागितला.

"पुऱ्या तं सगळेच भरते," ती म्हणाली. "माह्या नातवाच्या भांड्यात हे भर. लोकायनं नाव काढलं पाह्यजे."

"भरते," रूपीबाई म्हणाली. "पण म्याबी काठी घेऊन उभी राहीन खुंट्यापाशी."

नायकीण तोंडातला घास तसाच ठेवून थांबली. दुसऱ्या दिवशी पूनमसिंग नायक स्वतः आला. शांत म्हातारा. पांढरा फेटा, आवाज कधी चढला नाही. भट्टीत न शिरता उंबऱ्यावर बसला.

"रूपी, काय पाह्यजे तुले?"

"जमनी."

"आन डोंगरसिंगले पुन्हा मोडलंस तं?"

तिनं हाताचा मैदा झटकला.

"ऐक," नायक म्हणाला. "खुंट्यापाशी ये. सगळा तांडा पाहीन. म्या बस म्हटलं आन काठी थांबली, तं फागात पोरगी माग, म्या देववीन. एक काठी जरी मागून पडली, तं पुन्हा बाजारातबी तिले भेटू नको. कबूल?"

"कबूल."

नजीरनं मधेच तोंड घातलं. "नायकसाब, भट्टी माही हाय. तुमच्या लोकायले चालते ना?"

"हात आमच्या बाईचे, राख आमच्या पऱ्हाटीची, आन इस्तू तं कोणाचाच नसते," नायक म्हणाला आणि एक पाव फेट्याच्या शेवात बांधून निघून गेला.

होळीच्या आदल्या दिवशी रूपीबाईनं पाव भाजले. नजीर म्हणत होता की धुळवडीला पहाटे भाज, ताजे राहतील. तिनं ऐकलं नाही. आमच्याकडचं फाल्गुनाचं ऊन तुम्हाला माहीत आहे. ओलं धोतर दोरीवर टाकून वळेपर्यंत कडक. पाव पितळी भांड्यात भरले, तोंडाला फडकं बांधलं. धुळवडीला रूपीबाई, नजीर, अकीलाभाभी आणि मी ते भांडं घेऊन बैलगाडीनं तांड्यावर गेलो. मी का गेलो असं विचारू नका.

खुंटा नायकाच्या घरापुढे ठोकला होता. भांडं बांधलं. पुऱ्यांचं भांडं हलकं असतं, हे दगडासारखं खाली ओढत होतं. बायका काठ्या घेऊन गोल उभ्या राहिल्या. रूपीबाई त्यांच्यात शिरली तेव्हा दोघी बाजूला सरकल्या. जमनी आजीजवळ, म्हणजे डोंगरसिंगच्या आईजवळ, ओट्यावर बसली होती, ओढणी गळ्याभोवती घट्ट लपेटून. तेवढ्या उन्हात.

पुरुष आले. पुढे डोंगरसिंग. नायकाचा करार त्याच्या कानावर गेलेला होताच, आणि म्हणूनच तो पुढे होता. तो सरळ खुंट्यावर पालथा पडला, छातीखाली खुंटा दाबला आणि पाठ उघडी केली. बाकीचे त्याच्या आडून माती उकरू लागले.

काठ्या पडायला लागल्या. पहिल्या झपाट्यात एकाच्या कपाळातून रक्त आलं. दुसऱ्याच्या बोटांवर बसली, तो बोटं तोंडात घालून मागे सरला, पुन्हा आत शिरला. रूपीबाईची काठी फक्त एकाच पाठीवर पडत होती. एका लयीत. मैद्यावर पडायची तशी. कातडी फुटली, पांढऱ्या कुडत्याचे तुकडे रक्तात चिकटले. डोंगरसिंग ओरडत नव्हता. तो हसत होता, आणि मान वळवून हळूच काहीतरी बोलत होता.

काय बोलत होता ते नंतर भाभीकडून कळलं. तो म्हणत होता, "सकाळी जमनीले कासऱ्यानं झोडलं. पाठ पाह्य तिची. तुह्या नावानं झोडलं. हाण अजून. थांबू नको."

रूपीबाईनं ओट्याकडे पाहिलं. लपेटलेली ओढणी पाहिली. त्यानंतर जी काठी सुरू झाली, तशी मी आजवर पाहिली नाही. बाकीच्या बायका मारायच्या थांबून तिच्याकडे बघू लागल्या. डोंगरसिंगचं हसणं बंद झालं, पण तो सरकला नाही. त्याला मार खायचाच होता. एक काठी जास्तीची, एवढंच त्याला पाहिजे होतं. नजीर माझ्या शेजारी उभा होता. त्यानं माझा दंड इतका घट्ट धरला होता की चार बोटांचे वळ आठवडाभर राहिले.

खुंटा निघाला. नायकानं हात वर केला.

"बस."

सगळ्या काठ्या थांबल्या. रूपीबाईची काठी डोक्याच्या मागे, पूर्ण ताणात होती. ती खाली यायला लागली. मी डोळे मिटणार होतो, पण माझा तसा स्वभाव नाही. काठी त्याच्या डोक्यापासून वीतभर वर थांबली. थरथरत होती. तिचे दंड थरथरत होते, हनुवटी थरथरत होती, घाम नाकावरून टपटपत होता. डोंगरसिंग खालून म्हणाला, "आण ना. आण." काठी तिथंच. नजीरनं खिशातून बिडी काढली, पेटवली, एक झुरका घेतला आणि ऐकू येईल न येईल असं म्हणाला, "हां. आता ठेव."

तिनं काठी जमिनीवर ठेवली.

डोंगरसिंग उठला. पाठीवरून रक्त धोतरात उतरत होतं. डाव गेला होता, पण तोंड शाबूत होतं. "भट्टीत राहून गाय झाली हे," तो सगळ्यांना म्हणाला. खुंटा त्याच्या छातीखालून निघाला होता, म्हणून रिवाजाप्रमाणे पहिला घास त्याचा. त्यानं फडकं फाडलं, वरचाच एक जर्मनी काढला आणि पुरी तोडावी तसा दाढेत धरून हिसका दिला.

तो आवाजही मी ऐकला. पऱ्हाटी मोडल्यासारखाच, जरा बारीक.

डोंगरसिंगनं तोंडावर हात दाबला. बोटांतून रक्त आलं. त्यानं थुंकलं तर मातीत समोरचे दोन दात आणि पावाचा कपचा पडला. पावाला काही झालं नव्हतं. कोणीतरी त्याच्या तोंडात फेट्याचं टोक कोंबलं.

"रूपी," नायक म्हणाला, "फाग माग."

"जमनी."

डोंगरसिंग फेट्याच्या बोळ्याआडून काहीतरी ओरडला. हात नाचवले, पाय आपटले. शब्द एकही बाहेर आला नाही.

"डोंगरसिंगचं काही म्हणणं हाय का?" नायकानं शांतपणे विचारलं. तो थांबला, रिवाज म्हणून. "ऊं ऊं" शिवाय काही ऐकू येईना. "नाई म्हणते. बरं. पोरगी मायची."

नायकीण ओट्यावरून जमनीला घेऊन आली. वाटेत तिनं पोरीची ओढणी सोडवली, पाठ पाहिली, ओढणी पुन्हा नीट घातली, पोरगी आईच्या हातात दिली. मग खाली पडलेली रूपीबाईची काठी उचलली आणि डोंगरसिंगच्या नडगीवर एकच दिली.

"बस म्हटलं ना म्या," नायक म्हणाला.

"तुमचं बस बाकीच्यायले," नायकीण म्हणाली.

पाव लोकांनी खाल्ले. नायकिणीनं ताकाचं पातेलं मागवलं, त्यात भिजत घातले, आणि त्यावर खडेमिठाची चव सगळ्यांना फार आवडली. रूपीबाई मात्र जेवली नाही. गाडीत बसली, पोरीला पालथं मांडीवर घेतलं आणि दिग्रस येईपर्यंत तिच्या पाठीवर तळहात ठेवून होती. नुसता ठेवलेला. चोळला नाही, हलवला नाही.

पुढे एकदा मी तिला छेडलं. म्हटलं, "रूपीबाई, नजीर म्हणत होता ताजे भाज. तू आदल्या दिवशी काहून भाजले?"

"धुळवडीले भट्टी पेटवत नाई कोणी, वामनभाऊ."

"आन वर कोणता पाव ठेवला होता? मागच्या आठवड्यातला?"

ती पीठ मळत होती. वर बघितलं नाही.

"पाव म्या भाजले," ती म्हणाली. "दात त्याचे होते."

ती भट्टी अजून आहे. नजीर आता गल्ल्यावर बसतो, एका कानानं ऐकतो आणि मारायला उठला तर त्याला धरायला दोघी आहेत. जमनी मोठी झाली, आईसारखीच गोळा डोक्यावर उचलते. मागच्या हिवाळ्यात मी गंमत म्हणून फटीतून हळूच म्हटलं, "बस." तिचा हात थांबला नाही. गोळा फळीवर दणकला, मग ती स्टूल घेऊन आली, चढली, आणि त्या फटीत मैद्याचा लगदा कोंबून वरून तळव्यानं थापला.

भट्टीच्या उबेनं तो चांगला भाजून निघालाय. टोकरून पाहिला, निघत नाही.